उजव्या अंगाचं फूल

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला तर नाहीच. शाळेत आमच्या मेमसाहेब म्हणायच्या, मनात सलत असेल ते गुडघे टेकून देवाला सांगावं. पण मी जे केलं ते आमच्या देवीच्या, रेणुकाईच्या, समोरच केलं — तिला नव्यानं काय सांगायचं? आणि मेमसाहेबांच्या देवाला आमच्या घरची रीत समजावून द्यायची तरी कुठल्या शब्दांत? तसंच राहून गेलं. तुम्हांला सांगते आहे, कारण सांगताना तुमचा चेहरा मला दिसणार नाही. समोरच्याचा चेहरा बदलताना बघणं मला कधीच जमलेलं नाही.

कुठून सुरुवात करू? मुंबईपासून करते. म्हणजे मी पाहिली नव्हती तेव्हाच्या मुंबईपासून.

आमचं मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई. जमीन तिथंच आहे, पण तात्यांनी, माझ्या वडिलांनी, जालन्यात कापसाची अडत घातली आणि आम्ही शहरात आलो. निजामाचं राज्य, सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चालायचं, म्हणून तात्यांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. गावाकडे त्यावरून बरंच बोललं गेलं. मी मात्र तिथं रमले. त्या भाषेत मुलीनं हळू आवाजात, मोजकं बोललेलं चालायचं, उलट कौतुकच व्हायचं. वर्गाच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. त्याची डावी कड निळी होती. मी नेहमी त्या कडेजवळच्या बाकावर बसायची.

दादा वकिलीच्या अभ्यासाला मुंबईला निघाला तेव्हा जालन्याच्या स्टेशनावर मला म्हणाला, तू मॅट्रिक हो, मी तुला समुद्र दाखवतो. हे तो इंग्रजीत म्हणाला. घरात आम्हा दोघांनाच ती भाषा येत होती. आईतात्यांपासून लपवण्यासारखं त्यात काय होतं? काहीच नाही. पण ते आमचं दोघांचं होतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

मी मॅट्रिक झाले. दादानं शब्द पाळला — दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि जाताना तुला घेऊन जातो, म्हणाला. मुंबईची माहिती देणारं एक इंग्रजी पुस्तक त्यानं पाठवलं. त्यात घडीचा नकाशा होता. तो पसरायचा तर सगळी बैठक लागायची. मी रोज तो पसरून बसायची. मनमाडला गाडी बदलायची, ते मला पाठ होतं. पहिल्या दिवशी कुठं जायचं, दुसऱ्या दिवशी कुठं, ट्राम कुठून पकडायची, राणीची बाग सकाळी बघायची की दुपारी — सगळं मी ठरवलं होतं. अपोलो बंदरावरून लाँचनं घारापुरीची लेणी. वसईचा किल्ला, एक पूर्ण दिवस. भरतीओहोटी जुळली तर पलीकडे मोऱ्याच्या बंदरावर उतरून उरणपर्यंत. पुस्तकात नव्हतं तेही मी अंदाजानं ठरवलं होतं — कुठल्या कट्ट्यावर बसून आम्ही बोलू, कशाबद्दल बोलू.

आम्ही म्हणजे दादा आणि मी. माझ्या बेतात तिसरं माणूस नव्हतं.

आणि वहिनी होती.

दादाचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. वहिनीचं माहेर केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं घर, भरपूर भावंडं. अक्षर ओळखत नव्हती. पण ती घरात आली आणि घराला जणू आवाज फुटला. भाकरी थापता थापता ती शेजारणीशी भिंतीवरून बोलायची, म्हशीशी बोलायची, तव्याशीसुद्धा बोलायची. मला वाटायचं — एवढं बोलायला माणसाकडे असतं तरी काय? आणि सगळे ऐकायचे. तात्या, ज्यांच्यासमोर मी परीक्षेचा निकालही मान खाली घालून सांगितला, ते तिच्या बोलण्यासाठी अडतीवरून लवकर घरी येऊ लागले होते.

एका संध्याकाळी मी नकाशा पसरला होता आणि ती चुलीपासून उठून हळदीच्या हातांनी तशीच शेजारी येऊन बसली.

"वन्सं, ह्ये सगळं निळं म्हंजी पाणीच का?"

"हो."

"आपल्या मोती तलावाचा पल्याडचा काठ दिसतो. ह्याला काठच न्हाई?"

"आहे," मी म्हणाले. "आफ्रिकेत."

तिनं जरा विचार केला. "मंग तिकडच्या बाया बी धुणं घेऊन बसल्या असतील की काठाला. त्यांचं पाणी आपल्याकडं, आपलं पाणी त्यांच्याकडं."

तात्या असे हसले की त्यांना ठसका लागला. "ह्या सूनबाईला बी धाडतो मुंबईला," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "समिंदराला बी हसवून येईल." झालं. तात्यांच्या एका वाक्यानं ती माझ्या बेतात येऊन बसली. नकाशावर तिनं बोट टेकवलं होतं तिथं हळदीचा डाग पडला होता, भर समुद्रात. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. कागद पातळ झाला, डाग गेला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? — नाही. एवढ्यावरून नाही. मला तिचा राग येत होता का? राग असता तर सोपं होतं, मी कधीतरी भांडले असते. ती माझी वेणी घालून द्यायची, माझ्या ताटातली साय वाढवायची, पाहुण्यांसमोर मी गप्प झाले की माझ्या वाटचं उत्तर स्वतःच देऊन टाकायची. अशा माणसावर रागावायचं कशावरून? मला ते हवं होतं जे तिच्याकडे होतं, आणि तिला ते मागावंही लागलं नव्हतं. हे मला खात होतं.

दिवाळीला दादा आला. आल्यावर तो माझ्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला, त्यानं माझा बेत पाहिला, शाबास म्हणाला. मग चुलीपाशी जाऊन बसला. तिथून त्याचा आवाज येत होता — "काय करून राह्यलीस? दे इकडं, मी फुकतो." मुंबईत इतकी वर्षं राहिलेला माझा दादा, तिच्यासाठी केदारखेड्याचं बोलत होता. मी बाहेर नकाशा घडी करत होते. चुकीच्या घडीवर दुमडला, फाटला.

जायचं नक्की झालं, आम्हा तिघांचं. मग आईनं रीत काढली.

आमच्या घरात सून पहिल्यांदा मुलखाबाहेर, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर, निघाली की पिंपळगावी जाऊन रेणुकाईला कौल लावायचा. "देवीला इचारल्याबिगर सून हद्दीपल्याड न्हाई पाठवायची," आई म्हणाली. "माझ्या सासूबाईनं बी मला तसंच नेलं व्हतं." दादा हसला, पण नाही म्हणाला नाही. माझ्यासाठी विचारायची गरज नव्हती. लेक काय, आज ना उद्या दुसऱ्याच्या देवाची. हेही मला लागलं, सांगू? ज्या देवीवर माझा धड विश्वास नव्हता, तिला माझ्याबद्दल कुणी विचारत नाही, याचंसुद्धा मला वाईट वाटलं.

कौल कसा लावतात ते सांगायला हवं. देवीच्या शेंदरी मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक फूल पाण्यानं चिकटवायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार. डावं आधी पडलं तर नकार. फुलं चिकटवतो गुरव. पण भिजवून त्याच्या हातात द्यायची घरातल्या कुमारिकेनं — उजव्या हातातलं उजवीकडे, डाव्या हातातलं डावीकडे. घरात कुमारिका एकच होती. माझ्या वयाच्या मुलींची तोवर लग्नं होऊन गेली होती. मी शाळेमुळे राहिले होते.

आम्ही बैलगाडीनं पिंपळगावला गेलो. वाटेत केदारखेड्याला थांबलो. तिथं वहिनीच्या आईनं समुद्रासाठी ओटी बांधून दिली — हिरवा खण, नारळ, तांदूळ. सगळं गाव जमलं होतं. कुणी म्हणे शंख आण, कुणी म्हणे बाटलीत ते खारं पाणी आण. एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझ्या नवऱ्याला घट धर, मुंबईत म्हणं मानसं हरवतात." वहिनी म्हणाली, "हरवले तर हरवले, मी समिंदरापाशीच बसते, तिथं सापडतील." सगळे हसले. दादाही हसला, तिच्याकडे बघून. मी गाडीतून उतरले नव्हते.

आता येतेच आहे तिथं.

सकाळी देवळात गर्दी नव्हती. वहिनी न्हाऊन, ओले केस तसेच बांधून, हात जोडून उभी होती. आई तिच्यामागे, दादा खांबाला टेकून. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी बसले होते. समोर पाण्याचा तांब्या, शेवंतीची दोन फुलं, आणि बाजूला नैवेद्याची वाटी — गूळ आणि खोबरं. गूळ सकाळच्या उन्हानं मऊ पडला होता.

मी ठरवून गेले होते का? हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं आहे. ठरवलं नव्हतं असं म्हणायला आवडेल मला. पण माझं बोट वाटीत गेलं तेव्हा ते चाचपडत गेलं नाही. मी गुळाचा चिमूटभर चिकट भाग घेतला, उजव्या हातातल्या फुलाच्या देठाला चोळला, वरून पाणी लावलं. डावं फूल पाण्याला नुसतं टेकवलं. गुरवाचं लक्ष समईकडे होतं. मी दोन्ही हात पुढे केले — उजवं उजवीकडे, डावं डावीकडे.

डावं फूल गुरवाचा हात मागे येतो न येतो तोच पडलं.

 मग गुरव म्हणाला, "डावं आलं. देवी न्हाई म्हणून राह्यली. घाई करू नका, पुढच्या साली इचारा पुन्यांदा."

मी वहिनीकडे पाहिलं नाही. तिच्या पायांकडे पाहिलं. पायांची बोटं दगडावर आत वळली होती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आम्ही पुन्हा दर्शनाला गेलो. उजवं फूल अजून तसंच होतं. कोमेजलं होतं, पण चिकटलेलं. आणि देवीच्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागली होती. गुरवानं फडकं ओलं करून पुसलं. "निवदाचा हात लागला असंल कुणाचा," तो सहज म्हणाला.  आता कळेल, आता सगळ्यांना कळेल. पण वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वन्सं, बघितलं का? फूल सोडंना झालीय. मुंग्या लागल्या तिच्या अंगाला. एवढं काय केलं व्हतं मी?"

मी तेव्हा बोलू शकले असते. गुरव आत वळला होता, आई आणि दादा पुढे निघाले होते, तिथं आम्ही दोघीच होतो.

परतताना गाडीत दादा तिला समजावत होता. "अगं, फूल ते फूल. पाणी वाळलं की पडतं. आपण बराबर तिघं जायचं."

"तिनं न्हाई म्हणल्यावर कसं यायचं?" वहिनी एवढंच म्हणत होती.

मग दादा माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, तू सांग हिला, तू शिकलेली आहेस, तुझं ती ऐकेल. आमच्या त्या भाषेत. तिच्यासाठी.

मी मराठीत उत्तर दिलं, तिला कळावं म्हणून. म्हणाले, "वहिनींचं मन घेत नसेल तर आग्रह कशाला करायचा?"

फुलापेक्षा हे वाक्य मला जास्त आठवतं. फूल मी न बोलता लावलं होतं. हे मी तोंडानं म्हटलं.

मी मुंबईला गेले. दादाच्या ओळखीच्या एका कुटुंबात उतरले. माझ्या बेतातलं एकही ठिकाण चुकलं नाही. लाँच लागली, लेणी पाहिली, वसईला तटावर चढले. उरणला जाण्याइतकी भरतीसुद्धा जुळली. आणि प्रत्येक ठिकाणी दादा म्हणत होता, ती असती तर काय म्हणाली असती. माकडं दिसली की ती. नारळवाला घासाघीस करू लागला की ती. लाँचमध्ये एक बाई उलट्या करत होती, तिची पाठ चोळायला ती उठली असती, म्हणाला. मी शेजारी बसले होते. मला इंग्रजीत काहीतरी छान बोलायचं होतं — मी ते आधीपासून जुळवून ठेवलं होतं. बोललेच नाही. आणि तरीही, खरं सांगते, मला पश्चात्ताप झाला नाही. मला अजूनच हेवा वाटला. जी आली नाही तिनं सगळी जागा घेतली होती.

ओटी मी समुद्रात सोडली. तिनं माझ्या पिशवीत घातली होती, "माझ्या नावानं सोडा" म्हणून. मी सोडली, पण तिचं नाव घेतलं नाही.

परत आले तेव्हा घरात बदल झाला होता. लगेच दिसेल असा नव्हता. वहिनी बोलत होती, हसतही होती. पण तिनं देवघरातलं काम सोडलं होतं. दिवा आई लावायची. पुढच्या नवरात्रात घट बसले तेव्हा माळ आईनं चढवली. ओटी भरायची वेळ आली की वहिनी कामाचं निमित्त काढून उठायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "माझ्या हातचं तिला चालत न्हाई, वन्सं." ती स्वतःमध्ये दोष शोधत होती, आणि तिला तो सापडला होता — लहानपणी, नवरात्रात, नैवेद्य दाखवण्याआधी तिनं पुरणाचा घास तोंडात टाकला होता. हे तिनं मला सांगितलं. सगळ्या घरात मलाच सांगितलं. मी ऐकलं आणि म्हणाले, एवढ्यानं देवी रागावत नसते. तिनं मान हलवली. मला काय कळणार, मी मेमसाहेबांच्या शाळेतली.

दादानं वकिली पूर्ण केली. मुंबईत जम बसत होता, जागाही पाहिली होती. वहिनीनं हद्द ओलांडली नाही. पुन्हा कौल लावू म्हटलं तर म्हणाली, "एकदा न्हाई म्हणल्यावर पुन्यांदा कोन्त्या तोंडानं इचारू?" शेवटी दादाच परत आला. इथल्या कोर्टात सगळं उर्दूतून चालतं. त्याची इंग्रजी इथं कुणाच्या कामाची नव्हती. एवढा शिकलेला माणूस मौलवीसाहेबांपुढे बसून अलिफ-बे गिरवू लागला. अजूनही त्याच्या हाताखाली शिकलेले त्याच्यापेक्षा भराभर अर्ज लिहितात. तो कधी कुरकुरत नाही. ओसरीवर बसतो, वहिनी आतून काही म्हणते, तो हसतो. मला तो घरात परत हवा होता ना? आला. आणि मला त्याचाही आनंद झाला नाही. कारण तो माझ्यासाठी आला नव्हता.

माझं लग्न अजून झालेलं नाही. त्याचं कारण वेगळं आहे, त्याला कशाशी जोडत नाही.

मागच्या वर्षी वहिनीला मुलगी झाली, खूप वाट पाहून. बाळ मान धरायला लागलं तशी आई म्हणाली, रेणुकाईच्या पायांवर घालून आणू. आम्ही पिंपळगावला गेलो. देवळाच्या पायऱ्या चढून वहिनी मंडपात थांबली. बाळ माझ्या हातात दिलं.

"तुम्ही ठेवा, वन्सं," ती म्हणाली. "तुमचा हात तिला मानवतो."

मी तिला म्हणू शकले असते, तुम्हीच चला आत. निदान तेवढं तरी. मी बाळ घेतलं. आत गेले. देवीच्या पायांवर ठेवलं, अंगारा लावला, उचललं. बाळ रडलं नाही. बाहेर आले तेव्हा वहिनीनं आधी मुलीचं कपाळ पाहिलं, अंगारा नीट लागला आहे ना ते पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढून ती वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.